कस्टम्सची सूट आणि क्वारंटाइनची परवानगी: उबवणुकीच्या अंड्यांच्या बाबतीत होणारी गल्लत

सोलापुरात विजापूर रोडला राहणारे माझे दाजी हौसेने कोंबड्या पाळतात. काही वर्षांपूर्वी आखाती देशातून परतताना त्यांनी तिथल्या एका ओळखीच्या कोंबडीपालकाकडून ब्रह्मा जातीची १२ अंडी आणली होती. आपल्याच सोलापुरी टॉवेलच्या घड्यांमध्ये एकेक अंडे गुंडाळून त्यांनी डबा हातातल्या बॅगेत ठेवला, आणि विमानतळावर उतरल्यावर लाल मार्गिकेत जाऊन अंडी स्वतःहून जाहीर केली. अधिकाऱ्यांनी सौजन्याने, पण ठामपणे, डबा ठेवून घेतला. घरी आल्यावर दाजींनी विचारले, "मी काहीच लपवलं नाही, किंमत मर्यादेत होती, शुल्क भरायलाही तयार होतो. मग अंडी का गेली?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो अनेकांना पडतो. विमानतळावरच्या एकाच टेबलाशी दोन वेगळ्या कायद्यांची अंमलबजावणी होते, आणि प्रवाशाला समोर दिसतो तो मात्र एकच गणवेश. त्यामुळे कस्टम्सची सूट म्हणजेच आत आणण्याची परवानगी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पहिली गोष्ट मालाच्या किमतीशी निगडित आहे आणि दुसरी रोगाशी.

सीमाशुल्काची बाजू त्यातल्या त्यात सोपी आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ नुसार प्रवाशाने आपल्या सामानाची माहिती द्यायची असते. त्या सामानाची किंमत ठरावीक मर्यादेत असेल तर शुल्क माफ होते; २०१६ च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांतून येणाऱ्या भारतीय रहिवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये होती. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर शुल्क भरायचे आणि बाहेर पडायचे. टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्या आपल्या शहरातील व्यापाऱ्यांना हा हिशेब चांगला ठाऊक आहे. वर्गीकरण, मूल्य आणि दर या तीन गोष्टी जुळल्या की त्यांचा बहुतेक प्रश्न मिटतो, कारण टॉवेलला रोग होत नाही.

अंड्याचे तसे नाही. भारतात पशुधन आयात कायदा १८९८ पासून आहे. त्याच्या कलम ३ खाली पशुधनाच्या आयातीवर, आणि २००१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३अ खाली पशुजन्य उत्पादनांच्या आयातीवर, केंद्र सरकार निर्बंध घालू शकते. याच कायद्याच्या कलम ४ नुसार अशी अधिसूचना सीमाशुल्क कायद्याखालीच काढलेली असावी तशी लागू होते आणि ती अमलात आणण्याचे अधिकार कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना मिळतात. गल्लतीचे मूळ नेमके इथे आहे: डबा अडवणारा हात कस्टम्सचा असतो, पण त्यामागचे कारण पशुआरोग्याचे असते.

आता दाजींच्या "शुल्क भरायला तयार होतो" या वाक्याकडे वळू. सीमाशुल्क कायद्यात "प्रतिबंधित माल" याची व्याख्या कलम २(३३) मध्ये दिली आहे, आणि तिची व्याप्ती आपल्याला वाटते त्याहून मोठी आहे. ज्या मालाच्या आयातीवर कोणत्याही कायद्याने बंधन आहे आणि त्या बंधनाच्या अटी पूर्ण झालेल्या नाहीत, तो माल प्रतिबंधित ठरतो. म्हणजे परवानगी घेऊन आलेले अंडे कायदेशीर, आणि तेच अंडे परवानगीशिवाय आले तर प्रतिबंधित. पुढे कलम १२५ आहे. जप्त केलेला माल दंड भरून सोडवून घेण्याचा पर्याय इतर मालाच्या बाबतीत अधिकाऱ्याने द्यावाच लागतो. प्रतिबंधित मालाच्या बाबतीत तो देणे न देणे अधिकाऱ्याच्या निर्णयावर असते. रोग पसरवू शकणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तो पर्याय मिळेल अशी आशा धरणे चुकीचे आहे. पैशाने शुल्काची बाकी फिटते. अंडी ज्या कोंबड्यांच्या कळपातून आली त्याची तपासणी झालेली नसेल, तर तो पैसे भरल्याने निरोगी ठरत नाही.

दाजींनी अंडी जाहीर केली हे मात्र अगदी योग्य झाले. भारतात येणाऱ्या प्रवाशांच्या कस्टम्स घोषणापत्रात मांस, दुग्धजन्य पदार्थ, मासे आणि पोल्ट्री उत्पादने यांच्याविषयी स्वतंत्र प्रश्न आहे. अंडी हिरव्या मार्गिकेतून, म्हणजे जाहीर करण्यासारखे काही नाही असे सांगून, तशीच नेली असती, तर जप्तीबरोबर माहिती दडवल्याचा ठपका आणि दंड हेही मागे लागले असते.

उबवणुकीच्या अंड्याची एवढी धास्ती का, हे समजण्यासाठी ते हातात घेऊन पाहावे. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि सात दिवस उबेत राहिलेले अंडे त्याच्यासमोर धरा. आत एक गडद ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या असतात. हे अंडे म्हणजे जिवंत गर्भ आहे, आणि कोंबडीच्या अंगातले काही रोग त्या गर्भाबरोबर पुढच्या पिढीत उतरतात. साल्मोनेला पुलोरम, मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, एव्हियन ल्युकोसिस यांची लागण अंड्यातूनच पिलाला होते. शिवाय कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि विष्ठेचा साधा डागही जंतू वाहून नेण्यास पुरेसा असतो. खाण्याचे अंडे तव्यावर गेले की त्यातले बहुतेक जंतू तिथेच संपतात. उबवणुकीचे अंडे मात्र २१ दिवस ३७ ते ३८ अंशांच्या उबेत जाते आणि त्यातून निघालेले पिलू थेट कळपात मिसळते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही दोघांची खाती वेगळी आहेत: कोंबडीची उबवणुकीसाठीची फलित अंडी ०४०७.११ मध्ये आणि ताजी खाण्याची अंडी ०४०७.२१ मध्ये येतात. अर्थात खाण्याची अंडी आहेत असे सांगितल्याने सुटका होत नाही, कारण पशुजन्य उत्पादन म्हणून तीही नियमात बसतातच.

महाराष्ट्राला हे कोणी वेगळे सांगायला नको. देशातील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि ज्यांच्या खुराड्यात एकही आजारी पक्षी नव्हता, त्यांचाही धंदा बसला. हा रोग अंड्यांच्या डब्यातून आला होता असे माझे म्हणणे नाही. पण रोग एकदा आत आला की त्याची किंमत कोण मोजते, हे नवापूरने दाखवले आहे, आणि ती किंमत शुल्काच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

दोन्ही व्यवस्था एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत, हे जागतिक व्यापार संघटनेत गाजलेल्या एका वादातही दिसते. भारताने १९ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बर्ड फ्लूची नोंद झालेल्या देशांतून जिवंत कोंबड्या, एका दिवसाची पिले, उबवणुकीची अंडी आणि पोल्ट्रीची इतर उत्पादने आणण्यास बंदी घातली. अमेरिकेने त्याविरुद्ध तक्रार केली आणि २०१५ मध्ये अपील मंडळाचा निकाल भारताच्या विरोधात गेला. रोगापासून स्वतःचे रक्षण करण्याचा देशाचा हक्क त्या निकालाने नाकारला नाही. बंदीला शास्त्रीय जोखीम-मूल्यांकनाचा आधार नव्हता आणि एखाद्या देशाचा रोगमुक्त भाग वेगळा धरण्याची सोय नव्हती, हे आक्षेप मान्य झाले. या सगळ्या वादात शुल्क किती असावे हा मुद्दाच नव्हता. त्या अधिसूचनेतला एक अपवाद मला बोलका वाटतो: अंड्यांवरील बंदीतून विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या कळपांची अंडी वगळली होती. लसनिर्मितीत वापरली जाणारी ही अंडी दिसायला इतर अंड्यांसारखीच असतात. फरक असतो तो ती देणाऱ्या कळपाच्या नोंदींमध्ये.

रीतसर आयात करायची असेल तर केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाकडून सॅनिटरी इम्पोर्ट परमिट आधी घ्यावे लागते. निर्यातदार देशातील सरकारी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र मालासोबत असावे लागते, आणि माल पशु क्वारंटाइन व प्रमाणन सेवेचे केंद्र असलेल्या मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बेंगळुरू यांसारख्या ठिकाणीच उतरवावा लागतो. तिथल्या पशुवैद्यकाची हरकत नसल्याचे कळल्यावरच कस्टम्स माल सोडते. परकीय व्यापार महासंचालनालयाचे त्या वर्गीकरणासाठीचे आयात धोरणही तपासून घ्यावे. कुरिअरने किंवा टपालाने मागवले तरी यात फरक पडत नाही. उलट दिशेलाही तेच आहे: इथली कडकनाथची अंडी अमेरिकेतल्या नातेवाइकाला द्यायची असतील, तर तिथल्या कृषी विभागाच्या एफिस या संस्थेची आयात परवानगी आधी लागते.

या दोन व्यवस्थांमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक वेळेचा आहे. कस्टम्सचा विचार माल दारात आल्यावर सुरू होतो, म्हणून तिथली उणीव बऱ्याचदा तिथल्या तिथे भरून काढता येते. क्वारंटाइनचा विचार अंडे घातले जाण्याच्याही आधी, ज्या कळपात ते घातले जाणार त्या कळपापाशी सुरू होतो. तो कळप रोगमुक्त होता का, त्याची तपासणी कधी झाली, अंड्यांचे कवच निर्जंतुक केले होते का, ट्रे नवे होते का, हे जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेतले प्रश्न आहेत, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या अंड्याकडे पाहून त्यांतल्या एकाचेही उत्तर मिळत नाही. उबवणुकीचे अंडे साधारण आठवड्याच्या आत उबेला लावावे लागते, त्यानंतर अंड्यांतून पिले निघण्याचे प्रमाण कमी होत जाते. म्हणजे आधी अंडी आणून मग कागद जमवू म्हटले, तर कागद पूर्ण होईपर्यंत अंडी कामाची राहत नाहीत.

दाजींना हे पटले तेव्हा त्यांनी इन्क्युबेटर विकला नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा जातीची अंडी त्यांनी मागवली. एप्रिलच्या उन्हात वाटेतच गर्भ वाढू लागू नये म्हणून रात्रीच्या गाडीने आणली, निमुळते टोक खाली ठेवून घरात दिवसभर स्थिरावू दिली आणि मग यंत्रात लावली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत बोलावून टॉर्चसमोर धरलेले अंडे दाखवले, तेव्हा त्यातल्या शिरा मी पहिल्यांदा पाहिल्या.