भाताची लोंबी अडकली: कोळी की पर्णकोष कुजव्या?

सप्टेंबरात ग्वाल्हेरजवळच्या डबरा-भितरवारकडून बटाईदाराचा फोन येतो, "बाली फँस गई है, खोल भूरा पड़ रहा है।" ग्वाल्हेर शहरातल्या लश्कर भागात राहून गावाकडची वडिलोपार्जित जमीन सांभाळणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी घरांना हे वाक्य ओळखीचं आहे. पुढचं पाऊल मात्र हमखास चुकतं. दुकानदार बुरशीनाशक आणि कीटकनाशक एकत्र देतो आणि त्याच संध्याकाळी फवारणी होते. कारण शोधायला कुणी थांबतच नाही.

पानाचा तळ खोडाला गुंडाळून असतो, तो पर्णकोष. तो तपकिरी पडण्यामागे इथे दोन संशयित आहेत. एक सॅरोक्लॅडियम ओरायझी ही बुरशी, म्हणजे पर्णकोष कुजव्या. दुसरा स्टेनिओटार्सोनेमस स्पिंकी हा कोळी, म्हणजे माइट, जाळं विणणारा कोळी नव्हे. तो जेमतेम पाव मिलिमीटरचा, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

बुरशीचा डाग बाहेरूनच कळतो. सगळ्यात वरच्या पानाच्या कोषावर लांबट, वेडेवाकडे, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे डाग पडतात आणि ते एकमेकांत मिसळत जातात. लोंबी अर्धी आत अडकते. कोष उघडला की आत पांढरट भुकटी दिसते.

कोळ्याचं काम उलट, आतून बाहेर. तो कोष आणि खोड यांच्यामधल्या फटीत राहून रस शोषतो. त्यामुळे आधी आतल्या बाजूला चॉकलेटी पट्टे उमटतात. लोंबी बाहेर आली तरी दाणे पोचट राहतात आणि काही पोपटाच्या चोचीसारखे वाकडे होतात. वजन नसल्यामुळे अशी लोंबी लवत नाही, ताठच उभी राहते.

एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण हाच कोळी त्या बुरशीचे बीजाणू अंगावर वाहून नेतो आणि त्याने केलेल्या जखमांतून बुरशी आत शिरते. दोन्ही एकाच चुडात, म्हणजे रोपांच्या झुबक्यात, सापडू शकतात. म्हणून पोटरीतला, म्हणजे लोंबी अजून कोषाच्या आत असलेला, फुटवा उपटा, वरून दुसरा कोष सोलून आतली बाजू उन्हात धरा आणि 20 पट दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. सराफ वापरतात तसलं भिंग चालतं, पण ते 20 पटीचं हवं; 10 पटीचं अपुरं पडतं. काचेसारखे फिकट, लांबोडके जीव हलताना दिसले की तो कोळी. नर मागच्या पायांत मादीचं निश्चल पिल्लू उचलून फिरताना दिसला, तर शंकाच उरत नाही. असे पाच-सहा चूड वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तपासा.

उपायांत फरक पडतो तो इथे. बुरशीनाशकाने कोळी मरत नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड प्रकारच्या कीटकनाशकाने कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. कोळीनाशक मारायचंच असेल तर लोंबी बाहेर पडण्याआधी, भरपूर पाण्यातून आणि चुडाच्या बुडापर्यंत पोचेल असं मारावं, कारण तो कोषाच्या आड असतो. लेबलवर भात लिहिलंय का, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. दाणे एकदा पोचट झाले की कुठलीही फवारणी ते भरून देत नाही.

बुरशी बियाण्यात आणि वाळलेल्या धसकटातही तग धरते, म्हणून तिथे निरोगी बियाणं आणि बीजप्रक्रिया महत्त्वाची. कोळ्याला मुख्यतः हिरवं, जिवंत भात लागतं. कापणीनंतर धसकटाला फुटणारे हिरवे कोंब लगेच नांगरून टाकले की त्याचा आसरा तुटतो, आणि आपल्याकडे भातानंतर गहू असल्याने हे जमण्यासारखं आहे. युरियाचा जादा मारा मात्र दोघांनाही पोसतो.

बासमती लावणाऱ्यांनी तर अंदाजाने फवारूच नये. करपा या भातरोगावरच्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाच्या अवशेषांची मर्यादा युरोपीय संघाने 2018च्या सुमारास किलोमागे 0.01 मिलिग्रॅम इतकी खाली आणली. गरज नसताना मारलेलं औषध तपासणीत तांदळात सापडलं तर माल परत येऊ शकतो. बटाईदाराला फोनवर औषधाचं नाव सांगण्याआधी एवढंच सांगा: पोटरीतला फुटवा सोलून आतल्या बाजूचा फोटो पाठव, आणि मी भिंग घेऊन येईपर्यंत थांब.