सिसिली वेगळी, कॅलाब्रिया वेगळी

दक्षिण इटलीतला कुठलाही पिक्चर असो, डोंगरात शेळ्या दिसल्या, काळ्या कपड्यातली म्हातारी दिसली आणि एक बंदूक दिसली की लोक 'सिसिलीचा माफिया' लिहून मोकळे होतात. अरे, दरवेळी ती सिसिली नसते! आणि गॉडफादर हा अमेरिकन पिक्चर आहे, इटालियन सिनेमावर बोलताना तो कृपया मधे आणू नका.

सिसिली हे बेट तुम्हाला माहितीये, म्हणून मी पटकन पुढे जाते. पडद्यावर तिला सगळं मिळालंय, 1963 च्या 'इल गात्तोपार्दो'मधले सरंजामदार, 1988 च्या 'सिनेमा पॅराडिसो'मधलं गावातलं थिएटर, माफिया तर आहेच. कॅलाब्रिया म्हणजे समोरचं, नकाशात बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीचं टोक, मधे मेसिनाची सामुद्रधुनी, अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर. बोली, जेवण यात फरक आहेत, ते सोडा.

खरा घोळ टोळ्यांचा आहे आणि तो कळला नाही तर कॅलाब्रियाचे पिक्चर अर्धेच कळतात. सिसिलीच्या कोझा नोस्त्रामध्ये, म्हणजे तिथल्या माफियात, बाहेरचा माणूस पारखून, शपथ देऊन आत घेतात. कॅलाब्रियाच्या माफियात, म्हणजे न्द्रांगेतामध्येही, शपथ असते, पण टोळी मुळात रक्ताच्या नात्यावर उभी असते, बाप, काका, चुलतभाऊ, आणि लग्नंही त्याच हिशोबाने लागतात. त्यामुळे 1984 मध्ये सिसिलीच्या माफियातला बुशेत्ता न्यायाधीशांपुढे टोळीबद्दल बोलायला लागला तसं कॅलाब्रियात बोलायचं म्हणजे स्वतःच्या बापाला, भावाला तुरुंगात पाठवायचं.

म्हणून इथले चांगले दिग्दर्शक कॅमेरा थेट घरात नेतात. फ्रान्चेस्को मुंझीचा 'अनीमे नेरे' (2014) बघा, तीन भाऊ, एक ड्रग्सच्या धंद्यात, एक मिलानमध्ये बिझनेसवाला, थोरला गावी शेळ्या राखतो आणि त्याला यातलं काही नकोय, पण त्याच्याच पोराला काकासारखं व्हायचंय. बोली इतकी अस्सल की इटलीतसुद्धा सबटायटल्स लावावी लागली. जोनास कार्पिन्यानोच्या 'आ किआरा'मध्ये (2021) मोठ्या बहिणीचा अठरावा वाढदिवस असतो, नाचगाणी, लाजरा बाप, सगळं आपल्याकडच्या एखाद्या घरगुती फंक्शनसारखं, आणि रात्री दारातली गाडी पेटते, बाप गायब होतो, मग धाकट्या, पंधरा वर्षांच्या किआराला कळतं की आपल्या घराखाली तळघर आहे. बाप, आई, बहिणी, ही कामं करणारे सगळे खऱ्या एकाच कुटुंबातले! मला तर हाच सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात पोरीचं प्रेम आणि राग दोन्ही शेवटपर्यंत खरे वाटतात.

आणि कॅलाब्रिया म्हणजे फक्त गुन्हेच, असंही नका समजू. फ्रामार्तीनोच्या 'ले क्वात्रो वोल्ते'मध्ये (2010) डायलॉग जवळजवळ नाहीतच. एक म्हातारा धनगर खोकल्यावर औषध म्हणून देवळाच्या फरशीवरची धूळ पाण्यात घालून पितो. एका लांबलचक शॉटमध्ये त्याचा कुत्रा ट्रकच्या चाकाखालचा दगड काढतो, ट्रक उतारावरून घरंगळत शेळ्यांच्या वाड्यात घुसतो. माफियाचं नावही नाही. सुरुवात यापासून करा, मग 'आ किआरा', आणि डब केलेलं अजिबात बघू नका.