आंतरराज्य स्थलांतर : महाराष्ट्रातून बडोद्याला

आंतरराज्य स्थलांतर म्हणजे नोकरी, धंदा, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने बिऱ्हाड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवणे. राज्यघटनेच्या कलम 19 नुसार देशात कुठेही राहता येते आणि आयकर केंद्राचा असल्याने तो सगळीकडे सारखाच बसतो. त्यामुळे निव्वळ कर वाचवण्यासाठी पगारदार माणूस राज्य बदलत नाही. राज्याच्या हाती उरतात ते मुद्रांक शुल्क, वाहन कर, पेट्रोलवरचा कर आणि व्यवसाय कर. पण सर्वांत महाग पडते ती वेगळीच गोष्ट : नव्या राज्याच्या दप्तरी आपण ‘इथले’ कधी ठरतो.

बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून मराठी वस्ती आहे. दांडिया बाजार, रावपुरा ही जुनी ठिकाणे. आज येणारी कुटुंबे बहुधा कोयलीची रिफायनरी, खत व रसायन कारखाने किंवा अभियांत्रिकी कंपन्यांमधल्या नोकरीसाठी येतात आणि गोत्री, मांजलपूर अशा भागांत घर बघतात.

महिन्याचा हिशेब करताना लोक आधी पेट्रोल धरतात. गुजरातमध्ये ते महाराष्ट्रापेक्षा साधारण 8 ते 10 रुपयांनी स्वस्त असते. महिन्याला 50 लिटर जाळणाऱ्याचे त्यात फार तर 500 रुपये वाचतात. व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला 2,500 आणि गुजरातमध्ये 2,400. म्हणजे बचत पुरते शंभर रुपये! याउलट घरभाडे भत्त्याकडे दुर्लक्ष होते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पुण्यात मूळ वेतनाच्या 30 टक्के भत्ता मिळतो, बडोद्यात 20 टक्के. मूळ वेतन 50,000 असेल तर महिन्याला 5,000 कमी. खासगी नोकरीत जुन्या आयकर पद्धतीने भाड्याची सवलत घेणाऱ्याला मुंबईत मर्यादा 50 टक्क्यांची असते, बडोद्यात 40 टक्क्यांची. भाडे तेवढे स्वस्त मिळाले तरच हे भरून निघते.

घर विकत घेताना मात्र फरक डोळ्यांत भरतो. पुणे महापालिका हद्दीत 60 लाखांच्या सदनिकेला 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4,20,000 आणि नोंदणी फी कमाल 30,000. बडोद्यात शुल्क 4.9 टक्के म्हणजे 2,94,000, पण नोंदणी फी 1 टक्का आणि तिला कमाल मर्यादा नाही, म्हणजे आणखी 60,000. खरेदीदार फक्त महिला असेल तर गुजरात ही नोंदणी फी घेत नाही. दस्तात नवऱ्याचेही नाव घातले की सवलत गेली. महाराष्ट्र महिलांना मुद्रांक शुल्कातच 1 टक्का सूट देतो. गुजरातेत घर-जमिनीच्या सरकारी दराला ‘जंत्री’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या रेडीरेकनरचेच ते काम.

गाडीचे प्रकरण सर्वांत किचकट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओकडून नमुना 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र काढायचे. कर्ज असेल तर बँकेचे पत्र लागते, आणि ई-चलनाचा दंड थकलेला असेल तर गाडे तिथेच अडते. प्रमाणपत्रात वडोदरा (जीजे-06) हेच कार्यालय लिहून घ्यावे; ‘गुजरातच आहे ना’ म्हणून अहमदाबाद टाकले तर पुन्हा मूळ आरटीओचे उंबरठे झिजवावे लागतात. नंतर इथे नमुना 27, गाडीची तपासणी, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि गुजरातचा कर. नवे आरसी हाती आले की महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा मागता येतो. अनेकजण तो मागतच नाहीत. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के कर आहे, गुजरातमध्ये खासगी मोटारीला 6 टक्के. बदलीचा हुकूम हातात असेल तर नवी गाडी बडोद्यातच घ्यावी. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीच्या नोकराला 2021 पासून बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे देशभर चालणारा नंबर मिळू शकतो; मग नंबर बदलण्याची भानगड राहत नाही.

व्यापाऱ्याला जीएसटी क्रमांक सोबत नेता येत नाही. 27 ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्राचा, 24 चा गुजरातचा, आणि एकाच मालकाचे असले तरी कायद्याच्या नजरेत ते दोन वेगळे करदाते. जुन्या खात्यातली इनपुट क्रेडिटची (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची) शिल्लक नव्या खात्यात वळवता येत नाही. म्हणून हुशार मुनीम आधी शिल्लक माल आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून नव्या क्रमांकावर पाठवतात, त्या करापोटी क्रेडिट वापरून टाकतात आणि मगच जुनी नोंदणी रद्द करायला अर्ज करतात. शेवटचे विवरणपत्र, जीएसटीआर-10, तीन महिन्यांत भरावे लागते. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही. पॅकर्सवाल्याने त्याचे किंवा ‘जकाती’चे पैसे लावले तर खुशाल नाकारावेत.

पैशांत न मोजता येणारे नुकसान जातीच्या दाखल्यात आणि मुलांच्या प्रवेशात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या निकालानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला स्थलांतरानंतर नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही. केंद्राच्या जागांवर हक्क कायम राहतो. महाराष्ट्राने 2024 मध्ये मराठा समाजाला दिलेले 10 टक्के आरक्षणही सीमेपलीकडे चालत नाही. अधिवासाचा दाखला महाराष्ट्रात 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो, गुजरातमध्ये साधारण 10. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्याला दहावी-बारावी दोन्ही तिथूनच लागतात. दहावी पुण्यात आणि बारावी बडोद्यात झालेले मूल धड इकडचे ना तिकडचे. अशा वेळी बदली दोन वर्षे लांबवणे किंवा मुलाला आजीकडे ठेवणे हाच मार्ग बहुतेक घरे पत्करतात.

राजकारणाचा हात दोन ठिकाणी दिसतो. एक, कारखाना कुठे उभा राहतो त्यात : टाटा-एअरबसच्या सी-295 विमानांचा प्रकल्प 2022 मध्ये बडोद्याला जाहीर झाला तेव्हा महाराष्ट्रात रण पेटले होते. दोन, राज्यांच्या योजनांत : लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरते आहेत. रेशनचे तसे नाही. 2019 मध्ये ‘एक देश एक रेशनकार्ड’ची चाचणी महाराष्ट्र-गुजरात जोडीतही झाली होती, त्यामुळे अन्नसुरक्षा कार्डावर केंद्राचे धान्य बडोद्यातही उचलता येते. शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे (2023 चा कायदा), सीबीएसईसुद्धा त्यातून सुटत नाही. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना 8 भरतात. नव्या मतदाराचा नमुना 6 भरला तर नाव दोन ठिकाणी राहण्याचा धोका असतो, आणि ते बेकायदा आहे.