जुन्या गिरणीत मोकळं घर: इंग्लंडमध्ये परवानगी कशी घ्यायची

मँचेस्टरच्या अँकोट्समधल्या लाल विटांच्या गिरण्या पाहिल्या की तिथेच राहावंसं वाटतं. पण अशी इमारत बहुधा ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने संरक्षित, असते. म्हणून आधी हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत ती आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे पाहा. यादी ऑनलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं, हा समज महागात पडतो. आतले ओतीव लोखंडाचे खांब, तुळया, जिनेही त्यात येतात. विनापरवाना फेरफार हा गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधीच्या मालकाने केलेली मोडतोड दुरुस्त करण्याची नोटीस तुमच्याही हाती पडू शकते. खरेदीआधी जुन्या कामांची संमतीपत्रं वकिलामार्फत मागवाच.

परवानग्या तीन. वापर बदलून घर करायला प्लॅनिंग परमिशन, वास्तूत फेरफार करायला लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट आणि आग, उष्णता, आवाज यांसाठी बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी. व्यापारी जागेचं घर करण्याची ‘क्लास एमए’ ही सोपी वाट लिस्टेड इमारतीला बंद आहे. कन्सेंटच्या अर्जाला मात्र शुल्क नाही. अर्ज कोणीही करू शकतो. मालक दुसरा असेल तर त्याला कळवल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अर्ज प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवरून कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, जातो. सोबत जागेचा नकाशा, सध्याचे व प्रस्तावित आराखडे, डिझाइन अँड ॲक्सेस स्टेटमेंट (रचना आणि ये-जा यांचं टिपण) आणि हेरिटेज स्टेटमेंट लागतं. यातल्या शेवटच्या कागदावर जीव ओता. वास्तूत मोलाचं काय, तुमच्या कामाने त्याला कुठे धक्का लागतो आणि तो का टाळता येत नाही, हे त्यात सांगायचं असतं. गिरणीचा मजला यंत्रांसाठी मुळातच सलग मोकळा असे, त्यामुळे मधल्या भिंती नसलेली मोकळी मांडणी ही तुमची जमेची बाजू आहे. आक्षेप येतात ते बहुधा नव्या खोल्यांच्या भिंती, पोटमाळा आणि खिडक्यांवर. जुनी चौकट काढून दुहेरी काच बसवण्यापेक्षा आतून दुसरी खिडकी लावण्याचा प्रस्ताव सहज पटतो. आराखडा पक्का करण्याआधीच कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरचा (वारसा-जतन अधिकाऱ्याचा) सल्ला घ्या. बऱ्याच कौन्सिल त्याचं शुल्क घेतात, पण ते वसूल होतं.

निर्णयाची मुदत साधारण ८ आठवडे. नकार आला तर ६ महिन्यांत अपील करता येतं. संमती मिळाल्यावर सहसा ३ वर्षांच्या आत काम सुरू करावं लागतं. आणि कंत्राटदाराशी बोलताना लक्षात ठेवा, निवासी नसलेल्या इमारतीचं घर करताना पात्र कामांवर व्हॅट २० नव्हे, ५ टक्के लागतो.