स्वयंकेंद्री चौकट

भूकंपाच्या हादऱ्यात डोलून, हादरा ओसरल्यावर आपोआप ओळंब्यात परत येईल अशा रीतीने अभिकल्पित केलेला तुळया-स्तंभांचा सांगाडा. नेहमीच्या तन्य, म्हणजे न तुटता वाकू शकणाऱ्या, चौकटीत भूकंपाची ऊर्जा तुळयांच्या टोकांजवळच्या सळया कायमच्या ताणल्या जाऊन खर्ची पडते. त्यामुळे माणसे वाचतात, पण इमारत कललेली राहू शकते. या उरलेल्या कलण्यास अवशिष्ट कल म्हणतात. तो मजल्याच्या उंचीच्या सुमारे 0.5%हून, म्हणजे 3 मी. उंचीस 15 मिमी.हून, अधिक असल्यास दुरुस्तीपेक्षा पाडून बांधणे स्वस्त पडते, असे जपानमधील अनुभवावरून मानतात. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे 2011 च्या भूकंपात न कोसळलेल्या कित्येक इमारती नंतर पाडाव्या लागल्या. या विषयास निकड आली ती तेव्हापासून.

उगम : याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक दगडी दंडगोल ठोकळे एकावर एक रचून उभारलेल्या ग्रीक मंदिरांच्या स्तंभांपर्यंत मागे जातात. हे स्तंभ भूकंपांत डोलत टिकले हे खरे. पण टिकले यावरून तसा हेतू होता असे ठरत नाही, म्हणून हे मत येथे ग्राह्य धरलेले नाही. जपानमध्ये 1880 च्या दशकात जॉन मिल्न व जॉन पेरी या तेथे काम करणाऱ्या ब्रिटिश अभ्यासकांनी सुट्या स्तंभाचे डोलणे तपासले. त्यांचा रोख मात्र उलथलेल्या वस्तूंवरून भूकंपाचा जोर ताडण्यावर होता.

सिद्धांताचा आरंभ बहुधा अमेरिकी भूकंप-अभियंते जॉर्ज हाउसनर यांच्या 1963 मधील निबंधापासून धरतात. चिलीतील 1960 च्या भूकंपात बारीक बुंध्यावरच्या काही उंच पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या, उलट दिसायला भक्कम बांधकामांना इजा झाली. पायाशी किंचित उचलला जाणारा ठोकळा, रुंदी-उंचीचे प्रमाण तेच ठेवून, जितका मोठा तितका उलथण्यास कठीण, हे हाउसनर यांनी गणिताने दाखवले. हेतुपुरस्सर केलेले पहिले मोठे बांधकाम म्हणून न्यूझीलंडमधील दक्षिण रंगिटिकेइ रेल्वे पुलाचे (1981) नाव घेतले जाते. त्याचे सुमारे 70 मी. उंचीचे खांब एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत उचलले जातात आणि तळाशी पोलादी दांड्यांना पीळ पडून ऊर्जा शोषली जाते.

हा पूल झाला; इमारतीची चौकट नव्हे. तिच्यासाठी उत्तर-ताणित (काँक्रीट घट्ट झाल्यावर ताणलेली) केबल वापरण्याची कल्पना नायजेल प्रीस्टली व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मांडली. त्याच सुमारास, किंवा किंचित आधीपासून, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतही अशा सांध्यांच्या चाचण्या चालू होत्या. त्यामुळे अग्रक्रमाचा वाद पुरता मिटलेला नाही. संपूर्ण इमारतीच्या पातळीवर पडताळा देणारे काम म्हणून सॅन डिएगो येथील पाच मजली, 60% प्रमाणातील नमुन्याची 1999 मधील चाचणी अधिक वजनदार ठरते. पोलादी चौकटींसाठी अमेरिकेतील लीहाय विद्यापीठातील काम 2001 च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

कार्य : तुळई स्तंभाला एकसंध ओतलेली नसते, टेकवलेली असते. तुळईच्या मध्यातून सोडलेली केबल दोन्ही स्तंभांच्या बाहेरून ताणून तिला जागी दाबून धरते. मोठ्या हादऱ्यात सांधा वरून किंवा खालून फटीसारखा उघडतो आणि केबलचा ताण तो मिटवतो. केबल ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) चिकटवत नाहीत. याचे कारण साध्या हिशेबात दिसते. केबलच्या जागी 10 मिमी. फट पडली व केबलची मोकळी लांबी 10 मी. असली, तर विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात वाढ) 0.1% आणि वाढीव प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचे बल) सुमारे 195 न्यूटन प्रति चौ.मिमी. होते. अंतिम ताकद 1860 असलेली, निम्म्या ताणावर ठेवलेली केबल ते सहज सोसते. तीच फट चिकटलेल्या केबलच्या 300 मिमी. टप्प्यात सामावायची तर विकृती 3%च्या पुढे जाते. मग केबल सैल पडते आणि परत आणणारे बलच उरत नाही.

नुसती केबल मात्र इमारतीला झुलवत ठेवील. म्हणून सांध्यात साध्या पोलादाच्या सळया घालतात; त्या ताण-दाबात शरण जाऊन, म्हणजे कायमच्या ताणल्या-दबल्या जाऊन, ऊर्जा खातात. केबल व भार यांचे परतवणारे परिबल (फिरवणारा जोर) या सळयांच्या परिबलापेक्षा न्यूझीलंडच्या मानकानुसार किमान 15% जास्त हवे. बल-विस्थापनाचा आलेख त्यामुळे झेंड्याच्या आकाराचा येतो. सांधे उघडताना चौकट लांबते व वरचा स्लॅब फाटू पाहतो. ही अडचण अनेक वर्णनांत दोन ओळींत उरकली जाते, ती तेवढी किरकोळ नाही.

ग्रामीण विदर्भ : भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे विदर्भाचा बहुतांश भाग भूकंप विभाग 2 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात, येतो. साध्या ठेंगण्या चौकटीस इमारतीच्या वजनाच्या सुमारे 4% इतके आडवे बल धरावे लागते. एवढ्यासाठी केबलचा खर्च करावा असे कोणी म्हणणार नाही. तरी किल्लारी (1993) त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होते, हे विसरू नये. वाशिम-यवतमाळला लागून असलेल्या हिंगोलीत मार्च 2024 मध्ये 4.5 तीव्रतेचा, तर डिसेंबर 2024 मध्ये तेलंगणातील मुलुगू येथे 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला. दुसऱ्याचे धक्के गडचिरोलीत जाणवले. तापी खोऱ्यातील भ्रंशावर (भूकवचातील सरकत्या तड्यावर) होलोसीन काळात, म्हणजे गेल्या सुमारे 11,700 वर्षांत, मोठा भूकंप झाला असावा, असे मत 2014 मध्ये मांडले गेले. सातपुड्याच्या दक्षिण कडेच्या गाविलगड भ्रंशाबाबत कालनिश्चिती अधिक सावधपणेच करावी लागते.

तळखड्यावर नुसता टेकवलेला सागवानी खांब, वर तुळई आणि कवेलूंचे छप्पर, अशा जुन्या घरांना या तंत्राचे पूर्वरूप म्हणावे काय? 150 मिमी. रुंद, 2.4 मी. उंच खांब आडवे बल वरच्या भाराच्या सुमारे 6% होताच टाचेवर उचलला जातो आणि भारच त्याला खाली बसवतो. परतण्याचा गुण आहे. पण खांब तळखड्यावरून सरकला तर त्याला जागी आणणारे काही नाही. म्हणून हे नाते दूरचेच मानावे.

वऱ्हाडात घरे कलतात ती प्रामुख्याने काळ्या मातीमुळे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. केबल चौकटीला तिच्या पायाशी काटकोनात आणते, आणि पायाच एका बाजूने खचला असेल तर काटकोन साधूनही घर ओळंब्याबाहेरच राहते. मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदतात ते यासाठीच. मुरूम फार खोल असेल तेथे तळाशी फुगीर गड्डा असलेले खुंट-पाये घालतात. या तंत्राच्या आधी ही अट पुरी व्हावी लागते.

उपयोगाची शक्यता दिसते ती गावच्या उंच पाण्याच्या टाकीत. जबलपूर (1997) व भूज (2001) येथे पोकळ बुंध्यावरच्या टाक्यांना तळाजवळ आडव्या भेगा गेल्या होत्या. टाकीचा पाया उचलू द्यायचा तर चढत्या-उतरत्या नळांना लवचीक जोड द्यावे लागतात, नाहीतर टाकी वाचून नळ आधी तुटतात.