माळ्यावरच्या रॅलेचं वय

ठाण्यातल्या नौपाड्याच्या एका जुन्या इमारतीच्या माळ्यावरून यंदा पावसाळ्याआधी एक सायकल खाली उतरली. काकांनी अमेरिकेतून परतताना ती जहाजाने आणली होती. काका आता नाहीत. सायकलचा रंग जागोजागी उडालेला, दांडीवरचं नाव पुसलेलं, समोर फक्त बगळ्याचा पितळी बिल्ला. काकू म्हणाल्या, "विकायची की ठेवायची ते मग बघू रे. आधी ही कुठली आणि कधीची ते सांग."

बगळा म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची रॅले ही सायकल कंपनी. पण एवढ्यावर थांबता येत नाही. बिल्ला दोन रिव्हेटांवर बसतो आणि तेवढ्याच सहजपणे दुसऱ्या सायकलवर जातो. शिवाय आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता, त्यामुळे रॅले हे नाव भारतातल्या लाखो काळ्या सायकलींवरही आलं.

ठाण्यात सापडलेल्या शिलाहार राजा अरिकेसरीच्या ताम्रपटावर शके ९३९, म्हणजे इ.स. १०१७, असा काळ कोरलेला आहे. इतकं सरळ उत्तर सायकल देत नाही. ती वेगवेगळ्या कारखान्यांतल्या भागांची मोट असते, आणि प्रत्येक भागाची जन्मवेळ निराळी. उत्खननात एखाद्या थरात नाणं मिळालं, तर तो थर त्या नाण्याआधीचा असू शकत नाही. सायकलचंही तसंच, फक्त इथे आधी ठरवावं लागतं की कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतर बसवलेला.

सगळ्यात जास्त बोलते ती सीटची नळी. जुन्या पोलादी सायकलींत या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. आत जाणाऱ्या सीटपोस्टचा, म्हणजे सीट धरणाऱ्या दांड्याचा, व्यास मोजला की नळीची जाडी कळते: बाहेरच्या व्यासातून पोस्टचा व्यास आणि सैलपणाचे सुमारे ०.२ मिलिमीटर वजा करायचे आणि उरलेल्याचे दोन भाग करायचे. पोस्ट २५.४ असेल तर भिंत दीड मिलिमीटर, म्हणजे साधं, जड पोलाद. पोस्ट २७.२ असेल तर भिंत जेमतेम ०.६. इतकी पातळ नळी साध्या पोलादाची परवडत नाही. तिथे बहुतेक वेळा रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीच्या ५३१ सारखं मिश्रपोलाद असतं. मॅंगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं हे पोलाद १९३५ साली बाजारात आलं. महागड्या फ्रेममध्ये या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. कारण सरळ आहे. वाकवणारा जोर सांध्यांपाशी जास्त येतो आणि जोडताना तिथेच पोलाद तापून थोडं कमकुवत होतं. सीटच्या नळीचं मात्र फक्त खालचं टोक जाड करतात, वरून पोस्ट आत जायचा असतो म्हणून. मला हे गणित फार आवडतं. रंग, स्टिकर, नाव काहीही उरलं नाही तरी पोलादाची प्रत व्हर्नियर कॅलिपरवर वाचता येते.

पण पोस्ट बाहेर तर यायला हवा! खाडीकाठच्या दमट, खारट हवेत चाळीसेक वर्षं पडून असलेल्या सायकलचा ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत जाम झाला होता. दोन निराळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओलावा शिरला, की तिथे एक छोटी विद्युत-बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा क्षार फुगून फट बुजवतो. अशा वेळी नळी शेकायचा मोह होतो, पण तो टाळावा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पोस्टपर्यंत उष्णता पोचली की तो आणखी घट्ट बसतो. आम्ही तीन दिवस गंज सोडवणारं तेल सोडलं, मग पोकळ पोस्टमध्ये बर्फाचा चुरा भरला आणि तो आकसल्यावर हळूहळू फिरवत काढला. माप निघालं २६.४. म्हणजे भिंत साधारण एक मिलिमीटर, सगळीकडे सारख्याच जाडीची. रॅलेच्या १९७० च्या दशकातल्या सुपर कोर्स या मॉडेलच्या तीन मुख्य नळ्या अशाच, सरळ जाडीच्या ५३१ च्या होत्या. मॉडेलचा पहिला धागा हाती आला.

दुसरा धागा पेडलांच्या मधल्या बुंध्यात सापडला. क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, काढले, बुंध्यात फिरवून बसवलेला धातूचा कप उलगडला आणि त्याचे आटे मोजले. इंग्लंडच्या बहुतेक सायकलींना इंचाला २४ आटे असतात, नॉटिंगहॅमच्या रॅलेला मात्र २६. अर्ध्या इंचात बारा की तेरा, एवढाच फरक. पट्टी लावून मोजले, तेरा निघाले. बिल्ला काढून दुसरीकडे लावता येतो, आटे बदलता येत नाहीत.

चाकं २७ इंची होती आणि इथेच लोक फसतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींची रिम २८ इंची, म्हणजे टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर. २७ इंचीचं तेच माप ६३०, आणि आजच्या ७०० सी चाकाचं ६२२. एका दुकानात आम्हाला 'सगळं एकच' असं सांगून ७०० चा टायर देऊ केला गेला. आठ मिलिमीटर कमी असलेली टायरची कडा या रिमवर चढवायला गेलात तर हाताला फोड येतील. लांबच्या सफरींच्या इंग्रजी सायकलींवर २७ इंची चाकं बराच काळ रुळलेली होती. ती ७०० सीने हटवली, म्हणून ती दिसली की नजर १९८० च्या दशकाच्या अलीकडे जायचं कारण उरत नाही. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यातलं अंतर १२० मिलिमीटर भरलं. ते मागच्या चाकावरच्या पाच दातेरी चकत्यांच्या संचाचं, म्हणजे फ्रीव्हीलचं, माप. सहा चकत्या आल्यावर ते १२६ झालं.

आता फ्रेमवर ठोकलेला क्रमांक. रॉकेलच्या बोळ्याने घासल्यावर एन, ई आणि मग ५ दिसला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून रॅलेच्या क्रमांकात पहिलं अक्षर कारखान्याचं (एन म्हणजे नॉटिंगहॅम), दुसरं वर्षातल्या काळाचं आणि पुढचा अंक वर्षाचा. पण वर्षाचा एकच अंक लिहिलेला, म्हणजे १९७५ किंवा १९८५. निवाडा बाकीच्या पुराव्याने होतो. १२० चं अंतर, २७ इंची चाकं आणि दांडीवर अर्धवट उरलेल्या स्टिकरवर नुसतंच '५३१'. १९८० च्या दशकात रेनॉल्ड्सने त्या आकड्यापुढे अक्षरं जोडायला सुरुवात केली होती. सफरींच्या सायकलींसाठी ५३१ एसटी असे. अक्षरं नाहीत, म्हणजे १९७५.

मागचा गिअर मात्र वेगळंच सांगत होता. शिमानो या जपानी कंपनीचा होता आणि त्याच्या पाठीवर 'डीजी' ही दोन अक्षरं. शिमानोच्या या खुणेत पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७६, आणि दुसरं महिन्याचं. डी म्हणजे १९७९, जी म्हणजे जुलै. सायकल १९७५ ची आणि गिअर चार वर्षांनी धाकटा. हा नंतर बसवलेला भाग, म्हणून फ्रेमचं वय ठरवताना तो बाजूला ठेवायचा.

हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकोणऐंशीत ते पडले होते रे तिकडे, पत्रात लिहिलं होतं. सायकलचं काही लिहिलं नव्हतं." सायकल विकायची नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. आता ६३० चा टायर शोधणं चालू आहे, आणि दुकानात पुन्हा घोळ होऊ नये म्हणून मागच्या रिमला तो आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवली आहे.