फ्रेड डेव्हिस यांचं टॅम मॉडेल आणि त्याचा संशोधनावरचा प्रभाव

टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल, म्हणजे सगळे ज्याला नुसतं टॅम म्हणतात ते, इन्फर्मेशन सिस्टिम्स या विषयात सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या मॉडेलांपैकी एक. नवीन सॉफ्टवेअर माणूस वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं, ते त्याला कामाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, एवढंच त्याचं सार. अमेरिकन संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी ते मांडलं.

ते नेमकं कधी मांडलं याबद्दल मात्र वेगवेगळी सालं सापडतात. बहुतेक लेखांत १९८९ दिलेलं असतं कारण त्या वर्षी ऑगस्टमधे ‘मॅनेजमेंट सायन्स’ या जर्नलमधे आणि सप्टेंबरमधे ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या जर्नलमधे असे त्यांचे दोन पेपर लागोपाठ आले. पण मूळ मांडणी एमआयटीच्या स्लोन स्कूलमधल्या त्यांच्या पीएचडी थीसिसमधली आहे, आणि तो डिसेंबर १९८५ मधे सादर झाला, डिग्री १९८६ ची, म्हणून कुणी ८५ लिहितं कुणी ८६. मॉडेलचा उगम म्हणून १९८६ आणि प्रसार म्हणून १९८९ धरणं जास्त बरोबर वाटतं, कारण थीसिसमधल्या मॉडेलमधे ‘वापरण्याचा इरादा’ हा टप्पाच नव्हता, तिथे उपयुक्तता आणि सोपेपणा यातून दृष्टिकोन आणि दृष्टिकोनातून थेट वापर असा क्रम होता. इरादा ऑगस्ट १९८९ च्या पेपरात आला, जो डेव्हिस यांनी रिचर्ड बागोझी आणि पॉल वॉरशॉ यांच्यासोबत लिहिला.

दुसरा वाद वारशाचा. पाठ्यपुस्तकं सरसकट सांगतात की फिशबाइन आणि आयझेन या मानसशास्त्रज्ञांच्या, माणूस इरादा करून कसा वागतो हे सांगणाऱ्या १९७५ च्या थिअरी ऑफ रीझन्ड अ‍ॅक्शनमधून टॅम निघालं. ‘मॅनेजमेंट सायन्स’च्या पेपरात तसं स्पष्ट म्हटलंयच, पण ‘एमआयएस क्वार्टर्ली’चा पेपर वाचला तर तिथे आधार बराच वेगळा दिसतो, मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांची स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाची कल्पना, निर्णयातला खर्च-फायद्याचा हिशोब, शुल्ट्झ आणि स्लेविन यांचं १९७५ चं आणि रोबी यांचं १९७९ चं काम. शिवाय मूळ थिअरीतला महत्त्वाचा घटक, म्हणजे आजूबाजूच्या लोकांचा दबाव, टॅममधे गाळलेला होता. त्यामुळे थेट वारस म्हणण्यापेक्षा अनेक धाग्यांतून विणलेलं मॉडेल म्हणणारं मत जास्त पटतं.

प्रभाव एवढा का पडला? सिद्धांतापेक्षाही प्रश्नावलीमुळे, असं ठामपणे म्हणता येईल. सप्टेंबरच्या पेपरात डेव्हिस यांनी दोन्ही कल्पनांसाठी आधी १४-१४ विधानं काढली, ती १०-१० वर आणली आणि शेवटी ६-६ ठेवली. ‘याने माझं काम लवकर उरकतं’, ‘हे शिकायला मला सोपं जातं’ अशा धर्तीची ही विधानं, आणि प्रत्येकाला सात पायऱ्यांच्या मापावर उत्तर. चाचणी एकूण १५२ जणांवर झाली. त्यातले ११२ टोरोंटोमधल्या आयबीएम कॅनडाच्या लॅबमधले, त्यांना प्रॉफ्स ईमेल आणि एक्सएडिट या फाइल एडिटरबद्दल विचारलं, आणि उरलेले ४० बॉस्टन युनिव्हर्सिटीतले संध्याकाळच्या एमबीएचे विद्यार्थी, त्यांना ग्राफिक्सची दोन सॉफ्टवेअर दिली. विश्वसनीयता (१ म्हणजे पूर्ण) उपयुक्ततेच्या मापाला ०.९८ आणि सोपेपणाच्या मापाला ०.९४ आली. वापराशी उपयुक्ततेचं नातं (इथेही १ म्हणजे पूर्ण जुळणी) पहिल्या, आयबीएमच्या अभ्यासात ०.६३ आणि दुसऱ्या, विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ०.८५, तर सोपेपणाचं ०.४५ आणि ०.५९. म्हणजे सॉफ्टवेअर थोडं किचकट असलं तरी कामाचं असेल तर माणसं चालवून घेतात, नुसतं सोपं असून भागत नाही. सोपेपणाचा परिणाम बराचसा उपयुक्ततेमार्फतच होतो असंही त्यातून दिसलं. ही बारा वाक्यं उचलून ‘ईमेल’च्या जागी ‘मोबाईल बँकिंग’ किंवा ‘ई-लर्निंग’ टाकलं की नवा अभ्यास तयार व्हायचा, आणि हजारो सायटेशन्स आल्या त्यातल्या बऱ्याच अशाच.

पुढे विश्वनाथ वेंकटेश यांच्यासोबत डेव्हिस यांनी २००० मधे टॅम२ मांडलं, त्यात गाळलेला सामाजिक दबाव परत आला. २००३ मधे दोघांनी आणखी दोन सहलेखकांसोबत तंत्रज्ञान स्वीकारण्याबद्दलची आठ मॉडेलं एकत्र करून यूटॉट (युनिफाइड थिअरी ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स अँड यूज ऑफ टेक्नॉलॉजी) बनवलं, आणि २०१२ मधे वेंकटेश यांनी दुसऱ्या सहकाऱ्यांसोबत यूटॉट२ आणलं ज्यात किंमत, मजा आणि सवय यांची भर पडली.

टीका बरीच झाली आणि त्यातली सर्वात वजनदार आतूनच आली, १९८९ चे सहलेखक बागोझी यांनीच २००७ मधे लिहिलं की मॉडेल गरजेपेक्षा जास्त सोपं आहे आणि इरादा ते प्रत्यक्ष वापर यातलं अंतर त्यात नीट येत नाही. त्याच वर्षी बेनबसाट आणि बार्की या संशोधकांनी म्हटलं की सगळं लक्ष टॅमवर गेल्यामुळे एखादी सिस्टिम उपयुक्त कशामुळे होते हा मूळ डिझाइनचा प्रश्न मागे पडला. हा आक्षेप फार महत्त्वाचा आहे, कारण थीसिसमधे सिस्टिमची वैशिष्ट्यं हाच मॉडेलचा पहिला चौकोन होता. मोजमापाचा प्रश्नही आहेच, ‘मी किती वापरतो’ हे माणूस स्वतः सांगतो ते आणि कंप्युटरवरची नोंद यात फरक पडतो, हे १९९५ मधे स्ट्रॉब आणि सहकाऱ्यांनी व्हॉइसमेलच्या अभ्यासात दाखवलं.

भारतात यूपीआय, मोबाईल बँकिंग, ऑनलाइन शिक्षण यावरच्या एमबीए प्रोजेक्ट आणि पीएचडीत टॅम-यूटॉट नेहमी दिसतात. तिथे एक गोष्ट आधी बघायला हवी, वापर ऐच्छिक आहे का. महाराष्ट्रातल्या शाळांना सरल या सरकारी पोर्टलवर माहिती भरावीच लागते, अशा ठिकाणी ‘वापराल का’ विचारून काही हाती लागत नाही. यूटॉटमधे ऐच्छिकता हा वेगळा घटक धरलाय तो यासाठीच, आणि सामाजिक दबावाचा परिणाम सक्तीच्या वापरात, तोही सुरुवातीच्या काळात, जास्त दिसतो.